घोडा पहिला आला, तरी जिंकला नाही! शर्यतीतला 'अडथळा' आणि स्टुअर्ड्सचा निकाल म्हणजे नेमकं काय?

४ मे २०१९. अमेरिकेतल्या लुईव्हिल शहरातलं चर्चिल डाउन्स रेसकोर्स. पावसानं चिखल झालेला ट्रॅक आणि दीड लाखांहून जास्त प्रेक्षक. अमेरिकेतली सगळ्यात प्रतिष्ठेची घोड्यांची शर्यत, म्हणजे केंटकी डर्बी, नुकतीच संपली होती. 'मॅक्सिमम सिक्युरिटी' नावाचा घोडा पावणेदोन लांबीच्या फरकानं पहिला आला होता. जॉकी लुईस साएझ आनंदात होता, घोड्याचे मालक गॅरी आणि मेरी वेस्ट यांचं अभिनंदन सुरू होतं.

आणि मग बोर्डावर 'ऑब्जेक्शन' असं झळकलं.

पुढची साधारण २२ मिनिटं सगळं रेसकोर्स एका बंद खोलीतल्या तीन माणसांकडे डोळे लावून बसलं होतं. ही तीन माणसं म्हणजे स्टुअर्ड्स. त्यांनी व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला, जॉकींशी फोनवर बोलले आणि निकाल फिरवला. मॅक्सिमम सिक्युरिटी पहिल्या नंबरवरून थेट १७व्या नंबरवर गेला. ज्याच्यावर एकास पासष्टचा भाव होता, तो 'कंट्री हाउस' विजेता ठरला. या डर्बीच्या तोवरच्या १४५ शर्यतींमध्ये पहिल्या आलेल्या घोड्याला दुसऱ्याच्या वाटेत अडथळा आणला म्हणून त्याच दिवशी खाली ढकलल्याचं हे पहिलंच उदाहरण होतं.

या शर्यतीची क्लिप आजही सोशल मीडियावर फिरते. खाली दोन गट हमखास असतात. एक म्हणतो, "सर्वात वेगवान घोड्यावर अन्याय झाला." दुसरा म्हणतो, "जीव गेले असते, बरं झालं बाद केलं." यातलं कोण बरोबर? त्याचं उत्तर तुम्ही जगाच्या कोणत्या भागात शर्यत पाहताय, यावर अवलंबून आहे. कसं, ते समजून घेऊया.

'अडथळा' म्हणजे नेमकं काय?

समजा, सिग्नल सुटलाय. तुम्ही स्कूटीवर सरळ चाललाय आणि शेजारची रिक्षा अचानक तुमच्या लेनमध्ये घुसते. तुम्ही करकचून ब्रेक दाबता. धक्का लागला नाही, पण तुमचा वेग गेला, तोल गेला आणि मागचा तुमच्यावर येऊन आदळता आदळता राहिला. घोड्यांच्या शर्यतीत यालाच 'इंटरफिअरन्स' म्हणतात.

फरक इतकाच की इथे ब्रेक नसतात. साधारण ४५० ते ५०० किलोचा घोडा ताशी ६० किलोमीटरच्या आसपास धावत असतो आणि त्याच्यावर पन्नास-पंचावन्न किलोचा माणूस रिकिबीत उभा राहून लगाम धरून असतो. शेजारच्या घोड्यामध्ये आणि त्याच्यामध्ये कधीकधी हातभरही अंतर नसतं.

अडथळ्याचे प्रकार साधारण असे असतात:

- पुरेसं पुढे न जाताच दुसऱ्याच्या समोर आडवं येणं
- शेजारच्या घोड्याला धक्का देणं किंवा कठड्याकडे दाबत नेणं
- स्वतःची रेषा सोडून तिरकं पळणं, ज्यामुळे इतरांना लगाम खेचावा लागतो
- चाबूक किंवा हात दुसऱ्या घोड्याला वा जॉकीला लागणं

यातला सगळ्यात भीतीदायक प्रकार म्हणजे मागच्या घोड्याचा पुढचा पाय पुढच्या घोड्याच्या मागच्या टाचेला लागणं. असं झालं की मागचा घोडा तोंडावर आपटू शकतो. त्याच्यावरचा जॉकी खाली, आणि मागून येणारे घोडे त्याच्या अंगावरून जाण्याची शक्यता. म्हणूनच 'थोडासा कट मारला, त्यात काय' असं या खेळात म्हणता येत नाही.

मग डर्बीत काय झालं होतं?

शेवटच्या वळणावर मॅक्सिमम सिक्युरिटी सगळ्यांच्या पुढे होता. वळण संपता संपता तो अचानक आतल्या बाजूकडून बाहेर सरकला. त्याच्या मागून 'वॉर ऑफ विल' नावाचा घोडा जोर लावून येत होता. दोघांचे पाय एकमेकांत अडकतात की काय, अशी स्थिती झाली. वॉर ऑफ विलचा जॉकी टायलर गॅफलिओननं त्याला कसंबसं सावरलं. त्या धक्क्याची लाट बाहेरच्या बाजूच्या 'लाँग रेंज टॉडी' आणि 'बॉडएक्सप्रेस' या घोड्यांपर्यंत गेली.

साएझचं म्हणणं होतं की प्रेक्षकांच्या आवाजानं घोडा बिचकला. घोडा तरुण होता, हे खरं. पण मुद्दाम केलं की चुकून, याला इथे फारसं महत्त्व नव्हतं. अडथळा आला का आणि त्यानं कुणाचं नुकसान झालं का, एवढंच स्टुअर्ड्सना ठरवायचं होतं.

मुख्य स्टुअर्ड बार्बरा बोर्डन यांनी नंतर एक लेखी निवेदन वाचून दाखवलं. मॅक्सिमम सिक्युरिटी बाहेर सरकल्यानं तीन घोड्यांच्या धावण्यावर परिणाम झाला, निर्णय एकमतानं झाला, आणि अडथळा आलेल्यांपैकी जो सगळ्यात मागे राहिला, त्याच्या मागे दोषी घोड्याला ठेवलं, असा त्याचा आशय होता. सगळ्यात मागे लाँग रेंज टॉडी होता. तो १७वा आला होता. मॅक्सिमम सिक्युरिटीला त्याच्या मागे टाकल्यावर टॉडी १६वा झाला आणि मॅक्सिमम सिक्युरिटी १७वा.

बोर्डन यांनी पत्रकारांचे प्रश्न मात्र घेतले नाहीत. निकालाइतकाच राग लोकांना याचाही आला.

एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. विजेता ठरलेल्या कंट्री हाउसला या गोंधळाचा जवळजवळ काहीच फटका बसला नव्हता. तो दुसरा आला होता आणि पहिला बाजूला झाल्यामुळे वर सरकला, इतकंच. वादाचं मूळ इथेच आहे.

स्टुअर्ड्स म्हणजे कोण?

क्रिकेटमध्ये मैदानावरचे अंपायर, थर्ड अंपायर आणि मॅच रेफरी असे वेगवेगळे लोक असतात. रेसकोर्सवर ही तिन्ही कामं स्टुअर्ड्सच करतात. शर्यत पाहणं, व्हिडिओ तपासणं, निकाल कायम ठेवणं किंवा बदलणं आणि जॉकीला शिक्षा देणं, सगळं त्यांच्याच हातात.

चौकशी सुरू होण्याचे दोन मार्ग असतात. पहिला, स्टुअर्ड्सना स्वतःला काही खटकलं तर ते 'इन्क्वायरी' लावतात. दुसरा, जॉकी किंवा घोड्याच्या बाजूचं कुणी तक्रार करतं, त्याला 'ऑब्जेक्शन' म्हणतात. ऑस्ट्रेलियात यालाच 'प्रोटेस्ट' म्हणतात. २०१९च्या डर्बीत स्टुअर्ड्सनी स्वतःहून इन्क्वायरी लावलीच नव्हती. कंट्री हाउसचा जॉकी फ्लाव्हियन प्राट आणि लाँग रेंज टॉडीचा जॉकी जॉन कोर्ट यांनी ऑब्जेक्शन घेतलं, म्हणून पुढचं सगळं घडलं. जॉकी गप्प बसले असते तर काय झालं असतं, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातोय.

एकच चूक, दोन निकाल: खरा वाद इथे आहे

जगभरात अडथळ्याचे दोन नियम चालतात. त्यांना 'कॅटेगरी १' आणि 'कॅटेगरी २' म्हणतात.

समजा, 'बिजली' नावाच्या घोडीनं 'तुफान' नावाच्या घोड्याची वाट अडवली. बिजली पहिली आली, तुफान सहावा.

कॅटेगरी १ मध्ये स्टुअर्ड्स एकच प्रश्न विचारतात: अडथळा आला नसता, तर तुफान बिजलीच्या पुढे आला असता का? उत्तर 'हो' असेल तर बिजली तुफानच्या मागे जाते. उत्तर 'नाही' असेल, म्हणजे तुफान फार तर चौथा आला असता, तर बिजलीचा पहिला नंबर कायम. जॉकीवर मात्र वेगळी कारवाई होऊ शकते.

कॅटेगरी २ मध्ये प्रश्न वेगळा असतो: अडथळा आला नसता, तर तुफानला सहाव्यापेक्षा वरचा नंबर मिळाला असता का? तो बिजलीला हरवू शकला असता की नाही, याच्याशी देणंघेणं नाही. तो पाचवा जरी आला असता, तरी त्याचं नुकसान झालं. म्हणून बिजली थेट तुफानच्या मागे, म्हणजे पहिल्यावरून सहाव्या नंबरवर.

ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, हाँगकाँग इथे कॅटेगरी १ पद्धत आहे. जपान २०१३ मध्ये आणि फ्रान्स व जर्मनी २०१८ मध्ये तिकडे वळले. अमेरिका आणि कॅनडात प्रामुख्यानं कॅटेगरी २ चालते.

आता २०१९ची डर्बी पुन्हा पाहा. वॉर ऑफ विल आठवा आला होता. त्याला अडथळा आला नसता तर तो मॅक्सिमम सिक्युरिटीच्या पुढे गेला असता, असं छातीठोकपणे सांगणं अवघड होतं. त्यामुळे हीच शर्यत लंडनजवळ किंवा पॅरिसमध्ये झाली असती, तर निकाल कायम राहण्याची शक्यता मोठी होती. केंटकीच्या नियमानुसार मात्र तो फिरला. सोशल मीडियावर भांडणारे दोन्ही गट आपापल्या नियमानुसार बरोबर आहेत. अडचण ही की आपण कोणत्या नियमाबद्दल बोलतोय, हे कुणीच सांगत नाही.

दोन्हींचे फायदे-तोटे काय?

कॅटेगरी १च्या बाजूचे म्हणतात की त्या दिवशीचा सर्वात चांगला घोडा जिंकला पाहिजे. सहाव्या आणि सातव्या नंबरातल्या फरकासाठी विजेत्याला खाली ओढणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. शिवाय निकाल कमी वेळा बदलतात, त्यामुळे गोंधळही कमी.

विरोधक म्हणतात, याचा अर्थ असा झाला की पुरेशा फरकानं जिंका आणि वाटेत कुणालाही ढकला. जॉकीला काही दिवसांची बंदी होईल, पण बक्षिसाची रक्कम आणि किताब मालकाकडेच राहील. मोठ्या शर्यतीत इतक्या स्वस्तात सुटता येत असेल, तर कोण सांभाळून चालवेल?

कॅटेगरी २चा फायदा नेमका हाच आहे. चूक केली तर घोड्याला, मालकाला, सगळ्यांनाच किंमत मोजावी लागते. तोटा असा की शर्यतीच्या सुरुवातीला झालेल्या एका चुकीमुळे कितीही मोठा विजय पुसला जाऊ शकतो.

सहा लांबीनं जिंकला आणि शेवटचा ठरला

याचं सर्वात टोकाचं उदाहरण जपानमधलं आहे. २७ ऑक्टोबर १९९१ रोजी टोकियोत झालेल्या 'तेन्नो शो' या शर्यतीत 'मेजिरो मॅक्वीन' हा घोडा तब्बल सहा लांबीच्या फरकानं पहिला आला. त्याच्यावर जपानचा सर्वात लोकप्रिय जॉकी युताका ताके होता. पण सुरुवातीच्या वळणावर तो आत सरकल्यामुळे मागच्या घोड्यांची कोंडी झाली होती. निकाल लागला: १८ घोड्यांत १८वा.

२०१० मध्ये पुन्हा तसंच घडलं. जपान कपमध्ये 'ब्वेना व्हिस्टा' ही लाडकी घोडी पावणेदोन लांबीनं पुढे आली. पण तिनं 'रोझ किंग्डम'ची वाट अडवल्याचं ठरलं आणि तिला दुसऱ्या नंबरवर ठेवण्यात आलं. योगायोग म्हणजे रोझ किंग्डमवर होता तोच युताका ताके. १९ वर्षांपूर्वी ज्याचा विजय गेला होता, त्याला आता अशाच निकालानं विजय मिळाला.

२०१३ मध्ये जपाननं नियमच बदलला. नव्या नियमात मेजिरो मॅक्वीनची ती शर्यत आज झाली असती, तर सहा लांबीचा फरक पाहता त्याचा नंबर जाण्याची शक्यता फार कमी होती.

स्टुअर्ड्सच चुकले तर? ब्रिटनमधलं उत्तर

१२ सप्टेंबर २०१५. डाँकास्टर इथली सेंट लेजर शर्यत. 'सिंपल व्हर्स' ही घोडी 'बाँडी बीच'पेक्षा डोक्याच्या अंतरानं पुढे आली. शेवटच्या टप्प्यात दोघांची धक्काबुक्की झाली होती. स्टुअर्ड्सनी निकाल फिरवला आणि बाँडी बीचला विजेता घोषित केलं.

सिंपल व्हर्सच्या मालकांनी अपील केलं. २३ सप्टेंबरला ब्रिटनच्या रेसिंग नियामक संस्थेच्या शिस्तपालन समितीनं पुन्हा सगळी बाजू ऐकली. धक्का लागला हे समितीलाही मान्य होतं. पण धक्का लागला नसता तर बाँडी बीच नक्की पुढे आला असता, हे तिला पटलं नाही. सिंपल व्हर्सला विजेतेपद परत मिळालं.

म्हणजे एकाच देशात, एकाच नियमाखाली, एकच व्हिडिओ पाहून दोन समित्यांनी दोन वेगळे निकाल दिले. कारण प्रश्नच असा आहे की 'झालं नसतं तर काय झालं असतं?' क्रिकेटमध्ये एलबीडब्ल्यूसाठी चेंडू स्टंपला लागला असता का, हे निदान कॉम्प्युटर आखून दाखवतो. घोड्याच्या मनात किती जोर शिल्लक होता, हे दाखवणारं यंत्र अजून आलेलं नाही.

अमेरिकेत मालक कोर्टात गेले, तेव्हा काय झालं?

केंटकीत वेस्ट दाम्पत्यानं आधी राज्याच्या रेसिंग आयोगाकडे दाद मागितली. उत्तर आलं की शर्यतीतल्या अडथळ्याबाबत स्टुअर्ड्सचा निर्णय अंतिम असतो, त्यावर अपील करता येत नाही.

मग त्यांनी मे २०१९ मध्येच फेडरल कोर्टात दावा लावला. नियम इतका मोघम आहे की स्टुअर्ड्स मनाला येईल तसं वागू शकतात आणि आपल्याला बाजू मांडायची नीट संधी मिळाली नाही, असा त्यांचा मुद्दा होता. विजेत्याचं बक्षीस १८ लाख ६० हजार डॉलर होतं. त्याशिवाय डर्बी जिंकलेल्या घोड्याला पुढे प्रजननासाठी मिळणारी किंमत वेगळीच.

नोव्हेंबर २०१९ मध्ये कोर्टानं दावा फेटाळला. ऑगस्ट २०२० मध्ये वरच्या अपील कोर्टानंही तोच निर्णय कायम ठेवला. थोडक्यात सांगायचं तर, नियमांनी स्टुअर्ड्सनाच निर्णयाचा अधिकार दिलाय, त्यामुळे त्यांचा निकाल लागण्याआधी 'हे बक्षीस माझं होतं' असा कायदेशीर हक्कच तयार होत नाही, असं कोर्टाचं म्हणणं पडलं.

यामागचा विचार समजण्यासारखा आहे. प्रत्येक निकाल कोर्टात गेला तर एकही शर्यत संपणार नाही. पण दुसरी बाजूही खरी आहे. ज्या निर्णयावर कोट्यवधी रुपये अवलंबून आहेत, तो तीन माणसांनी घ्यायचा, प्रश्नांना उत्तरं द्यायची नाहीत आणि वर अपीलही नाही, ही व्यवस्था कितपत योग्य?

(मॅक्सिमम सिक्युरिटीचा प्रशिक्षक जेसन सर्व्हिस याला पुढे घोड्यांना बेकायदा औषधं दिल्याच्या प्रकरणात २०२३ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. अनेक पोस्टमध्ये ही दोन प्रकरणं एकत्र केली जातात. पण डर्बीतला निकाल फक्त अडथळ्यामुळे बदलला होता, औषधांमुळे नाही.)

घोड्याची शिक्षा वेगळी, जॉकीची वेगळी

निकाल बदलणं आणि जॉकीला दोषी ठरवणं या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. साएझवर घोडा सरळ रेषेत ठेवण्यात कमी पडल्याबद्दल १५ दिवसांची बंदी घातली गेली. पण निकाल तसाच राहून जॉकीला शिक्षा झाल्याचीही उदाहरणं आहेत.

१९३३च्या केंटकी डर्बीत 'ब्रोकर्स टिप' आणि 'हेड प्ले' या घोड्यांचे जॉकी डॉन मीड आणि हर्ब फिशर शेवटच्या टप्प्यात चक्क एकमेकांना पकडून, ओढाओढ करत अंतिम रेषेपर्यंत आले. हे दृश्य एका वृत्तपत्राच्या छायाचित्रकारानं टिपलं आणि तो फोटो आजही प्रसिद्ध आहे. दोघांवर बंदी आली, पण ब्रोकर्स टिपचा निसटता विजय कायम राहिला.

त्याआधी १९१३च्या ब्रिटनमधल्या एप्सम डर्बीत उलटं घडलं. 'क्रॅगनूर' पहिला आला होता. कुणीही तक्रार केली नसताना स्टुअर्ड्सनी स्वतःच आक्षेप घेऊन त्याला बाद केलं आणि एकास शंभर भाव असलेला 'ॲबॉयर' विजेता ठरला. महिलांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या एमिली डेव्हिसन राजाच्या घोड्यासमोर आल्या आणि जखमी होऊन पुढे मरण पावल्या, ती हीच शर्यत.

आता कॅमेरे आहेत, मग वाद का संपत नाहीत?

कारण कॅमेरा 'काय झालं' ते दाखवतो. 'त्यामुळे किती फरक पडला', हे माणसालाच ठरवावं लागतं.

२०१४ मध्ये कॅलिफोर्नियात ब्रीडर्स कप क्लासिक शर्यत सुरू होताच 'बायर्न' नावाचा घोडा आत वळला आणि सर्वांचा आवडता 'शेअर्ड बिलीफ' धक्का बसून मागे पडला. बायर्न नाकभर फरकानं जिंकला. चौकशी झाली, पण निकाल तसाच राहिला. धक्का अगदी सुरुवातीला बसला होता, त्यामुळे घोड्यांची पुढची संधी गेली नाही, असं स्टुअर्ड्सचं मत होतं. अनेकांना ते पटलं नाही.

मग आली २०२४ची केंटकी डर्बी. 'मिस्टिक डॅन' नाकभर पुढे, 'सिएरा लिओन' दुसरा, जपानचा 'फॉरेव्हर यंग' तिसरा. शेवटच्या टप्प्यात सिएरा लिओन वारंवार फॉरेव्हर यंगच्या अंगावर रेलत होता. क्लिप व्हायरल झाली. पण इन्क्वायरी लागली नाही आणि ऑब्जेक्शनही आलं नाही. नंतर सिएरा लिओनच्या जॉकीला २,५०० डॉलरचा दंड झाला. निकाल मात्र बदलला नाही.

तो जॉकी कोण होता माहितीये? टायलर गॅफलिओन. २०१९ मध्ये ज्याच्या घोड्याची वाट अडवली गेली होती, तोच.

पैज लावणाऱ्यांचं काय?

अमेरिकेत पैज लावणाऱ्यांचे पैसे एकत्र जमा होतात आणि 'अधिकृत' निकालानंतर विजेत्यांमध्ये वाटले जातात. २०१९ मध्ये कंट्री हाउसवर लावलेल्या २ डॉलरच्या तिकिटाला १३२.४० डॉलर मिळाले. मॅक्सिमम सिक्युरिटीवर लावणाऱ्यांच्या हातात कागद राहिला.

बहुतेक ठिकाणी पैजांचा हिशेब त्या दिवशीच्या अधिकृत निकालावर संपतो. पुढे अपिलात निकाल फिरला, तर बक्षीस आणि किताब बदलतो, पण पैजांचा हिशेब पुन्हा उघडत नाही. म्हणजे मालकाला न्याय मिळू शकतो, तिकीट घेतलेल्या माणसाला बहुधा नाही. त्या बंद खोलीतली काही मिनिटं म्हणूनच इतकी महत्त्वाची असतात.

आपल्याकडे याचा संबंध काय?

मुंबईत महालक्ष्मी आणि पुण्यात कॅम्पातल्या रेसकोर्सवर रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब शर्यती भरवतो. तिथेही शर्यत नियमात झाली की नाही, हे पाहण्याचं काम स्टुअर्ड्सचंच असतं. रेसकोर्सवर जाणाऱ्या कुणालाही विचारा, 'ऑब्जेक्शन' हा शब्द ऐकल्यावर पोटात कसा गोळा येतो ते सांगेल.

यात एक कायदेशीर धागाही आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये डॉ. के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू राज्य या प्रकरणात घोड्यांच्या शर्यतीवरची पैज हा नशिबाचा नाही, तर कौशल्याचा खेळ असल्याचं म्हटलं. घोड्याची ताकद, वंश, प्रशिक्षण, जॉकीचं कसब यांचा अभ्यास करून माणूस अंदाज बांधतो, हा त्यामागचा विचार. पण हा विचार टिकायचा असेल, तर शर्यतीचा निकाल त्याच गोष्टींवर लागला पाहिजे. वाट अडवून नाही, आणि न समजणाऱ्या निर्णयानंही नाही.

मग उपाय काय?

नियम कोणताही असो, तीन गोष्टींवर बऱ्याच जणांचं एकमत होताना दिसतं. एक, निर्णयाची कारणं लगेच आणि सविस्तर सांगावीत. हाँगकाँगमध्ये प्रत्येक शर्यतीनंतर कोणत्या घोड्याला कुठे अडथळा आला, याचा अहवाल प्रसिद्ध होतो. दोन, जॉकीला होणारी शिक्षा इतकी असावी की चूक करून जिंकणं परवडू नये. तीन, वेगवेगळ्या देशांतले घोडे आणि जॉकी आज एकाच शर्यतीत धावतात, तर नियमही शक्य तितका एक असावा.

पुढच्या वेळी अशी क्लिप समोर आली तर

कमेंट टाकण्याआधी हे पाच प्रश्न स्वतःला विचारून पाहा:

१. घोडा नेमका कुठे सरकला, आणि तेव्हा तो पुरेसा पुढे होता का? समोरून घेतलेला व्हिडिओ पाहा. बाजूच्या कॅमेऱ्यातून तिरकं सरकणं नीट दिसत नाही.

२. ज्याला अडथळा आला, त्याच्या जॉकीला लगाम खेचावा लागला का, की घोडा आधीच थकून मागे पडत होता?

३. शर्यत कोणत्या देशातली आहे? तिथे कॅटेगरी १ आहे की २?

४. तक्रार कुणी केली? ज्याचं नुकसान झालं त्यानं, की ज्याचा फायदा होणार होता त्यानं?

५. शिक्षा कुणाला झाली? घोड्याला, जॉकीला, की दोघांना?

२०१९च्या डर्बीनंतर कंट्री हाउस पुन्हा कधीच शर्यतीत उतरला नाही. वॉर ऑफ विलनं दोनच आठवड्यांनी प्रीकनेस स्टेक्स ही मोठी शर्यत जिंकली. त्या वळणावर गॅफलिओननं घोडा सावरला नसता, तर ना ती शर्यत झाली असती, ना कदाचित तो जॉकी पुढच्या शर्यतीत दिसला असता. सोशल मीडियावर 'कोण जिंकायला हवं होतं' यावर वाद घालताना, त्या दिवशी सगळे घोडे आणि सगळे जॉकी धडधाकट परत आले, ही गोष्ट विसरून चालणार नाही. स्टुअर्ड्सचा नियम शेवटी असतो तो त्यासाठीच.